समुद्राचा तळ मोजायचा कसा? पहिल्या सर्व्हेला निघण्याआधी

कोकणातला जुना तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख नाखवा, खोली मीटरमध्ये सांगत नाही. "तीन वाव पाणी, खाली चिखल," असं सांगतो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची आणि ती ढिली पडली की हातांनी मापत वर ओढायची. वजनाच्या बुडाला चरबी चोपडलेली असली तर तळाची वाळू, शिंपल्यांचा चुरा, चिखल, जे असेल ते चिकटून वर येतं. पाणी किती आणि खाली काय, या दोन प्रश्नांची उत्तरं एका दोरीत मिळायची. आज आम्ही बोटीच्या बाजूला मल्टीबीम, म्हणजे आवाजाच्या शेकडो किरणांनी तळ मोजणारं यंत्र, लावून निघतो तेव्हाही प्रश्न हेच दोन असतात.

सिव्हिल, भूगोल किंवा भूशास्त्र शिकून नुकतंच या कामात शिरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर एक साधं काम ठेवा: कोकणातल्या एका खाडीचं मुख, रुंदी किलोमीटरभर, खोली दोन ते पंधरा मीटर, भाड्याने घेतलेली एक मच्छीमार बोट आणि तीन-चार दिवस. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सोनार, म्हणजे आवाजाने खोली मोजणारं यंत्र, सहसा चुकत नाही. चुकते ती टेपपट्टी, चुकतो तो भरतीचा आकडा आणि पाण्यातल्या आवाजाचा वेग. त्यामुळे यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा या तीन गोष्टींवरच मी जास्त वेळ घालवणार आहे.

आवाजच का?

प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही, रेडिओलहरी तर त्याहून कमी. म्हणून जीपीएसही पाण्याखाली चालत नाही आणि उपग्रहाचा कॅमेराही तळ पाहू शकत नाही. आवाज मात्र समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने मैलोन्‌मैल जातो. दहा मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा साधारण पंच्याहत्तरावा भाग लागतो, चार हजार मीटरवरून पाच सेकंदांहून जास्त. वेळ मोजायचा, वेगाने गुणायचं, निम्मं करायचं. तत्त्व एवढंच. जर्मनीच्या 'मेटिओर' जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिक याच पद्धतीने विंचरून काढला होता.

तरीही जून २०२५ पर्यंत जगाच्या समुद्रतळापैकी फक्त २७.३ टक्के भाग आधुनिक पद्धतीने मोजून झाला होता. 'सीबेड २०३०' या प्रकल्पाचा हा आकडा. २०१७ मध्ये प्रकल्प सुरू झाला तेव्हा तो सहा टक्के होता. मग गुगलच्या नकाशावर सगळा तळ निळाशार दिसतो तो कुठून येतो? बराचसा उपग्रहाच्या अंदाजातून. पाण्याखालचा डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, तिथे समुद्राचा पृष्ठभाग किंचित फुगतो, आणि तो फुगवटा उपग्रहातलं रडार मोजतं. मोठे डोंगर सापडतात, पण सगळे नाहीत. जानेवारी २००५ मध्ये 'यूएसएस सॅन फ्रान्सिस्को' ही अणुपाणबुडी ग्वामच्या दक्षिणेला पूर्ण वेगात अशाच एका डोंगरावर आदळली. तिच्याकडच्या नकाशात तो डोंगर नव्हता.

पहिली पायरी: घरी बसून

बोट लागत नाही, पैसे लागत नाहीत. जेबको या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची जागतिक ग्रिड, म्हणजे चौकोनाचौकोनाने खोली दिलेला समुद्रतळाचा नकाशा, मोफत उतरवून घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिचा एकेक चौकोन आपल्याकडे साधारण साडेचारशे मीटरचा पडतो. मुंबईसमोर उथळ खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा बुडालेला सपाट भाग, किती लांब पसरलाय बघा, तीनशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेकडे केरळात तो बराच अरुंद होतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक दिसेल. आंग्र्यांचं नाव लावणारं हे बुडालेलं पठार प्रवाळांसाठी ओळखलं जातं.

मग त्याच ग्रिडसोबत मिळणारी दुसरी फाइल उघडा. प्रत्येक चौकोनाचा आकडा कुठून आला, मल्टीबीमने मोजलेला की उपग्रहाच्या अंदाजाचा, ते तिच्यात सांकेतिक क्रमांकाने लिहिलेलं असतं. पहिला नकाशा बघून खूश झालेली मंडळी ही फाइल उघडली की गप्प होतात. हे एकदा तरी करून बघाच, रंगीत नकाशावरचा आंधळा विश्वास कायमचा जातो.

आणि हो, जेबको घेऊन खाडीत बोट घालू नका. साडेचारशे मीटरच्या चौकोनात तुमची अर्धी खाडी मावते.

परवानगी

थोडक्यात सांगतो, पण सोडू नका. भारताच्या सागरी हद्दीत मनाला येईल तसं मोजमाप करता येत नाही. बंदराच्या हद्दीत काम असेल तर बंदर प्राधिकरण, महाराष्ट्रातल्या लहान बंदरांसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड, शिवाय तटरक्षक दल आणि सागरी पोलीस यांना आधी कळवणं आलं. कोणाकोणाची परवानगी लागेल आणि ती कोण काढणार, हे काम देणाऱ्याकडून लेखी घ्या. परवानगीची प्रत बोटीवर असू द्या, मोबाइलमध्ये नव्हे. बोटीवर मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. आणि डेटा काम देणाऱ्याचा असतो. सुंदर दिसतोय म्हणून त्याचा स्क्रीनशॉट समाजमाध्यमांवर टाकायचा नाही.

दुसरी पायरी: कोणतं यंत्र?

सिंगलबीम बोटीच्या बरोबर खाली एकच ठिपका मोजतं. मल्टीबीम पंख्यासारखे शेकडो किरण पसरून एका दमात पट्टाच्या पट्टा मोजतं. साइड स्कॅन सोनार दोरीने मागे ओढायचं असतं. ते खोली नीट सांगत नाही, पण तळाचं छायाचित्र म्हणावं इतकं स्पष्ट चित्र देतं. बुडालेली बोट, तुटलेला नांगर, पडलेली पाइपलाइन शोधायची तर तेच. त्यात वस्तूच्या सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते: सावलीची लांबी गुणिले सोनारची तळापासूनची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर. सब-बॉटम प्रोफाइलर तळाच्या आतले थर दाखवतं. विमानातून हिरवा लेसर मारून खोली मोजणारं लिडारही आहे, पण त्याला नितळ पाणी लागतं. लक्षद्वीपला शोभेल. आपल्या गढूळ खाडीत तो लेसर हातभर आत जाऊन विरून जाईल.

माझं मत विचाराल तर शिकायची सुरुवात सिंगलबीमने करा, मल्टीबीम दाराशी उभं असलं तरी. एकाच किरणाचा हिशेब हाताने करता येतो. पाचशे किरणांचा हिशेब सॉफ्टवेअर करतं, आणि त्याने काय केलं हे तुम्हाला कळत नाही.

चिखलाची एक भानगड इथेच सांगायला हवी, कारण मुंबईपासून खाली जवळजवळ प्रत्येक खाडीत ती भेटते. जास्त वारंवारितेचा आवाज, समजा २०० किलोहर्ट्झचा, पातळ चिखलाच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परततो. ३३ किलोहर्ट्झचा आवाज तो चिखल भेदून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. दोन्ही वारंवारितांचं यंत्र लावलं की पडद्यावर दोन रेषा दिसतात, आणि मधे कधी अर्धा मीटर, कधी त्याहून जास्त फट. मग तळ कोणता? जहाजाच्या दृष्टीने तो वरचा पातळ चिखल म्हणजे जवळपास पाणीच. रॉटरडॅम बंदराने याचं उत्तर घनतेवर ठरवलंय: घनमीटरला १.२ टन घनता जिथे येते तिथे तळ मानायचा. आपल्याकडे करारात काय लिहिलंय ते बघा. गाळ काढणाऱ्या ठेकेदाराचे पैसे घनमीटरवर ठरतात, त्यामुळे या दोन रेषांमधल्या फटीवरून भांडणं होतात आणि सर्व्हेयर मधे सापडतो. काम सुरू होण्याआधी विचारा: कोणती वारंवारिता, कोणती रेषा?

तिसरी पायरी: भरतीचा हिशेब

मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं; भांगाला (अष्टमीच्या आसपास) त्याहून बरंच कमी. सकाळी सहा मीटर मोजलेली जागा दुपारी तीन मीटर निघेल. म्हणून मोजलेली प्रत्येक खोली एका ठरलेल्या शून्यावर आणावी लागते. त्याला चार्ट डेटम म्हणतात. हे शून्य मुद्दाम इतकं खाली धरलेलं असतं की सहसा कुठलीही ओहोटी त्याखाली जाणार नाही. जमिनीवरच्या मोजणीचं शून्य वेगळं, ते समुद्राच्या सरासरी पातळीचं. मुंबईत ते चार्ट डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर येतं. सिव्हिलकडून आलेली मुलं पहिली चूक इथे करतात. जेट्टीच्या आराखड्यातली पातळी उचलतात आणि थेट खोलीत मिसळतात.

एका ठिपक्याचा हिशेब असा होतो. ट्रान्सड्युसरपासून, म्हणजे आवाज सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या सोनारच्या तोंडापासून, तळापर्यंत ७.८५ मीटर. ट्रान्सड्युसर पाण्याखाली ०.९० मीटर. त्या मिनिटाला भरती डेटमच्या वर ३.४० मीटर. म्हणून नकाशावरची खोली ७.८५ अधिक ०.९० उणे ३.४० = ५.३५ मीटर. मल्टीबीम हाच हिशेब लाखो ठिपक्यांसाठी करतं.

भरती मोजायला जेट्टीवर पट्टी रोवा आणि जवळच्या बेंचमार्कपासून (पातळी आधीच माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून) लेव्हलिंग करून तिचं शून्य डेटमशी जोडा. दर दहा मिनिटांनी वाचन घ्या. लाटा असतील तर वरचं टोक आणि खालचं टोक असे पाच-सहा आकडे घेऊन सरासरी काढा. आता आपोआप नोंद करणारे प्रेशर सेन्सरही मिळतात, पण पट्टी तरीही लावाच, कारण सेन्सर घसरला तर कळणार कसं? पट्टीचं शून्य वीस सेंटीमीटरने चुकलं तर चाळीस लाख ठिपके वीस सेंटीमीटरने चुकतात, अगदी शिस्तीत, आणि नकाशा मात्र देखणा दिसतो. ही चूक कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. म्हणूनच ती वाईट.

भरतीच्या वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यात मिळतील. बोटीवर मात्र तिथीचा हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. निघायची वेळ ठरवायला हे उत्तम. खोलीच्या हिशेबात घेतलं तर नोकरी जाईल.

चौथी पायरी: टेपपट्टी

बोटीच्या कडेला लोखंडी खांब, त्याच्या खालच्या टोकाला सोनार, वर किंवा टपावर जीपीएसचे अँटेना, मधे कुठेतरी हेलकावे मोजणारा मोशन सेन्सर. हे तिघं एकमेकांपासून किती पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आहेत ते सेंटीमीटरपर्यंत मोजायचं. खांब हातभरही हलता कामा नये, असं म्हणत नाही; बोटभरही हलता कामा नये. पुढून आणि मागून तारेचे ताण द्या.

मापं कागदावर बोटीचं वरून आणि बाजूने चित्र काढून लिहा. दोघांनी वेगवेगळी घ्या, मग जुळवा. आणि चिन्हं! उजवीकडे अधिक की उणे, खाली अधिक की उणे, हे प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगळं असतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत अँटेना उजवीकडे १.४ मीटरवर होता आणि मी तो उणे १.४ असा भरला. म्हणजे जागा २.८ मीटरने सरकली. जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला, त्यामुळे दोन लाइनींमधला, म्हणजे बोटीच्या दोन सरळ फेऱ्यांमधला, फरक ५.६ मीटर. संध्याकाळी पडद्यावर एका खडकाचे दोन खडक दिसले. मी मोठ्या उत्साहाने दोघांचीही नोंद केली. आमच्या तांडेलाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, थंय एकच खडाप आसा." लहानपणापासून तो तिथे जाळी टाकत आलेला. दिवसाचं काम पुन्हा गणित करून वाचलं, कारण कच्चा डेटा शाबूत होता. तेव्हापासून ऑफसेटच्या, म्हणजे या मापांच्या, कागदावर बाणांनी दिशा काढल्याशिवाय मी आकडे भरत नाही.

पाचवी पायरी: आवाजाचा वेग

यंत्रात आवाजाच्या वेगाची एक चौकट असते आणि कित्येकदा तिथे १५०० भरलेलं मिळतं. आपल्या समुद्रात २८ अंश तापमान आणि नेहमीची खारटता धरली तर खरा वेग १५४१ च्या आसपास येतो. दहा मीटर खोलीवर हा फरक जवळपास २७ सेंटीमीटरचा. आता आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेची एस-४४ ही मानकं बघा. बंदरांच्या नाजूक भागांसाठी जी 'स्पेशल ऑर्डर' आहे, तिच्यात दहा मीटर खोलीवर उभ्या दिशेची एकूण अनिश्चितता २६ सेंटीमीटरपर्यंत चालते. भरती, हेलकावे, मापं सगळं धरून २६. म्हणजे एक चौकट बदलायची राहिली की सगळी सूट तिथेच संपली.

वेग बदलतो तापमानाने, खारटपणाने आणि खोलीने. खाडीत सगळ्यांत त्रास देतो तो खारटपणा. ओहोटीला नदीचं गोडं पाणी वरून वाहतं, खाली खारं पाणी तसंच असतं, आणि दोघांच्या सीमेवर आवाजाचा किरण वाकतो. मधला किरण सरळ खाली जातो, त्याला फारसा फरक पडत नाही. कडेचे तिरके किरण भरकटतात. पडद्यावर सपाट तळाच्या दोन्ही कडा वर वळलेल्या किंवा खाली झुकलेल्या दिसतात. आम्ही त्याला हसरा तळ, रडका तळ म्हणतो. असा आकार दिसला तर लाइन थांबवा, आवाजाचा वेग मोजणारा प्रोब पाण्यात सोडा, नवा प्रोफाइल, म्हणजे वरपासून तळापर्यंतच्या वेगाची नोंद, घ्या.

प्रोब तळापर्यंत हळूहळू सोडायचा. वरच्या दोन मीटरमध्ये तर फारच हळू, सगळी गंमत तिथेच असते. किती वेळा? उघड्या समुद्रात दिवसातून काही वेळा पुरतं. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटी फिरली की दर वेळी, आणि शंका आली तर अर्ध्या तासाने. दोरी ओढून हात दुखतात म्हणून प्रोफाइल टाळणारे सर्व्हेयर मी बघितलेत. नंतर ऑफिसात आठवडाभर कडा सरळ करत बसतात.

सिंगलबीमला याला पर्यायी जुनी युक्ती आहे: बार चेक. धातूची पट्टी किंवा ताटली मोजलेल्या साखळीने सोनारखाली दोन, चार, सहा मीटरवर सोडायची आणि यंत्र तेच आकडे दाखवतं का ते बघायचं. रोज सकाळी करा. नवस फेडल्यासारखं.

सहावी पायरी: पॅच टेस्ट

मल्टीबीम आणि मोशन सेन्सर कितीही नीट बसवले तरी दोघांत अंशाच्या काही भागाचा कल राहतोच. तो टेपने मोजता येत नाही, तळाकडूनच विचारून घ्यावा लागतो. एक अंशाची रोलची (डावी-उजवीकडच्या कलाची) चूक वीस मीटर खोलीत ६० अंशांच्या कडेच्या किरणावर ६० सेंटीमीटरची होते, तेव्हा हे टाळून चालत नाही.

आधी वेळेतली गडबड: उतारावरून एकाच दिशेने दोनदा जा, एकदा हळू, एकदा जोरात. उतार पुढे-मागे सरकला तर घड्याळं जुळत नाहीत. मग पिच, म्हणजे पुढे-मागे कल: त्याच उतारावरून त्याच वेगाने उलटसुलट दिशांनी. मग रोल: सपाट तळावर उलटसुलट, दोन्ही पट्टे कात्रीसारखे एकमेकांना छेदले तर रोल चुकलाय. शेवटी यॉ, म्हणजे नाकाची दिशा: एखाद्या ठळक खडकाच्या दोन बाजूंनी, एकाच दिशेने, दोन समांतर लाइनी. खांब काढून पुन्हा लावला तर हे सगळं पहिल्यापासून. बोट धक्क्याला घासली तरीही.

सातवी पायरी: लाइनी आखणे आणि मारणे

दोन्ही बाजूंना ६० अंश पंखा असला तर मल्टीबीमचा पट्टा खोलीच्या साधारण साडेतीन पट रुंद मिळतो. दहा मीटर पाण्यात सुमारे ३५ मीटर. कडा एकमेकांवर याव्यात म्हणून लाइनी पंचवीस मीटरवर आखा. किलोमीटरभर रुंदीला चाळीस लाइनी झाल्या. तीन मीटर पाण्यात तोच पट्टा दहा मीटरवर येतो आणि लाइनी संपता संपत नाहीत. म्हणून उथळ भाग भरतीला धरायचा, पाणी वाढतं आणि पट्टाही वाढतो. शिवाय बोट टेकायची भीती कमी. मल्टीबीमच्या लाइनी समखोल रेषांना समांतर, सिंगलबीमच्या त्यांना काटकोनात. शेवटी काही आडव्या लाइनी सगळ्यांना छेदून मारा. आडवी लाइन आणि उभ्या लाइनी जिथे भेटतात तिथे खोली जुळली तर रात्री झोप लागते.

आखणी कॉम्प्युटरवर झाली की तांडेलासमोर ठेवा. डोल जाळी कुठे लागलेली आहेत, गिल नेटचे फ्लोट कुठे, कोणत्या वेळी बोटी बाहेर पडतात, हे त्यालाच माहीत. जाळं बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर दिवस जातोच, पण कोणाच्या तरी पोटावर पायही येतो. एका गावात आम्ही आदल्या संध्याकाळी मच्छीमारांच्या सोसायटीत जाऊन नकाशा दाखवला आणि कुठल्या दिवशी कुठे असू ते फळ्यावर लिहून आलो. त्या आठवड्यात एकाही जाळ्याला धक्का लागला नाही.

पाण्यात असताना वेग चार-पाच नॉट. जास्त गेलात की सोनारखाली बुडबुडे येतात आणि बोटीचं बूडही खाली बसतं. पडद्याकडे बघणारा आणि नोंदवही लिहिणारा एकच माणूस नको. वहीत वेळ, लाइनचा क्रमांक, वारा, शेजारून गेलेली बोट, सगळं. तीन आठवड्यांनी पडद्यावर एक विचित्र कुबड दिसतं तेव्हा "११:४२ ट्रॉलर जवळून गेला" ही ओळ सोन्याची ठरते. डिझेल संपत जातं तसा ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्यात किती बुडते ते, बदलतो, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी तो मोजा.

आठवी पायरी: डेटा धुणे

कच्च्या डेटात मासे असतात, बुडबुडे असतात, दुसऱ्या बोटीच्या सोनारचा आवाज असतो. मोठ्या कंपन्या कॅरिस, हायपॅक, क्विन्सी वापरतात. शिकायला एमबी-सिस्टीम आणि क्लस्टर ही मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. बरीचशी सफाई आता क्यूबसारखी गणितं करतात: आसपासचे ठिपके आणि त्यांची अनिश्चितता बघून खरी खोली कोणती असावी याचे एकाहून जास्त पर्याय मांडतात.

नवा माणूस इथे सफाईला लागतो आणि थांबत नाही. तळावर उभा एकटा ठिपका दिसला की पुसतो. तो मासाही असेल आणि बुडालेल्या बोटीची डोलकाठीही असेल. पुसण्याआधी शेजारच्या लाइनीत तो आहे का बघा, साइड स्कॅनमध्ये सावली आहे का बघा. तरीही ठरत नसेल तर ठेवा आणि पुन्हा जाऊन मोजा. जलसर्वेक्षणात संशयाचा फायदा नेहमी उथळ आकड्याला. खोली जास्त दाखवली तर जहाज टेकतं, कमी दाखवली तर फार तर ते लांबून जातं.

प्रतिध्वनी किती जोरात परतला तीही नोंद मल्टीबीम ठेवतं. खडक जोरात परत बोलतो, मऊ चिखल मिणमिणत. त्यावरून तळाचा प्रकार रंगवता येतो, पण रंग काय सांगतोय हे पक्कं करायला चार-सहा ठिकाणी ग्रॅब (तळाचा नमुना उचलणारा पंजा) टाकून खरोखरचा चिखल वर काढावाच लागतो. चरबी लावलेल्या शिशाचंच काम.

खोल समुद्रात गेलात तर

गणित तेच, आकडे बदलतात. एक अंशाचा किरण चार हजार मीटरवर पोचेपर्यंत ७० मीटर रुंद होतो. घर काय, अख्खी इमारत त्यात हरवते. बारीक काही बघायचं तर सोनारच खाली न्यावं लागतं, म्हणून स्वयंचलित पाणबुड्या. मलेशियाचं एमएच३७० विमान शोधताना दक्षिण हिंदी महासागरात आधी जहाजावरून मल्टीबीमने तळाचा नकाशा काढला आणि मग तळाजवळून सोनार फिरवून १ लाख २० हजार चौरस किलोमीटर पिंजून काढले. विमान तेव्हा सापडलं नाही. वाटेत जुनी बुडालेली जहाजं मात्र सापडली.

आपल्याकडे या कामाची घरं तीन-चार. नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय देहरादूनला, नॉटिकल चार्ट तिथून निघतात. शिक्षणासाठी गोव्यातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफी, तिथले अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून, 'सिंधु साधना' तिचंच जहाज. नौदलाचं नवं मोठं सर्वेक्षण जहाज 'आयएनएस संधायक' फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झालं.

आता तुमच्या खाडीकडे परत. नकाशा देताना कोपऱ्यात डेटम, पट्टीची जागा, वारंवारिता आणि सर्व्हेच्या तारखा लिहा, तारखा सगळ्यांत मोठ्या अक्षरात. मुखाशी जो वाळूचा दांडा तुम्ही मे महिन्यात सेंटीमीटरपर्यंत मोजला, तो पावसाळ्यातला पूर आणि लाटा मिळून हलवतात. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा बाहेर पडतात तेव्हा तांडेल पहिल्या फेरीला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक पोरगा उभा करतो आणि मेच्या नकाशावर विसंबत नाही. तुम्हीही पावसाळ्यानंतरच्या फेरसर्व्हेचे दिवस अंदाजपत्रकात आधीच धरा; नंतर मागितले तर मिळत नाहीत.